घरट्यातला फणस

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, उंच आंब्याच्या शेंड्याजवळ घरटे बांधून एक शेकरू आपल्या पिल्लासह राहत असे. मुलांनो, शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिचे पाय जमिनीला क्वचितच लागतात. गरुड झेपावला की शेजारच्या झाडावर उडी मारायची आणि दाट पानांत शिरायचे, एवढाच तिचा बचाव. हे पिल्लू मात्र चांगलेच जाडजूड झाले होते आणि शेजारच्या हिरड्यापर्यंत त्याची उडीच पोचत नसे. समोरच्या कड्यावर गरुड राहायला आल्यापासून आईची नजर सारखी आभाळाकडे लागलेली असे.

उपाय करायचे तिने काही बाकी ठेवले नव्हते. रागावून झाले, शेजारणीच्या चपळ पोराचे गोडवे गाऊन झाले. एकदा तर तिने सगळ्यांसमोर 'जाड्या' अशी हाक मारली. तेव्हा पिल्लू घरट्यात तोंड खुपसून बसले आणि रडत रडत त्याने फणसाचे चार गरे जास्तच खाल्ले. शेवटी तिने लालूच दाखवली, "तिसऱ्या फांदीपर्यंत जाऊन ये, एक गरा देईन." ते गेले, आले आणि गरा खाऊन झोपले. "आता मी करू तरी काय? डोकं फिरायची वेळ आली माझी!" असे म्हणत आईने स्वतःही एक गरा तोंडात टाकला.

खालच्या फांदीवरची म्हातारी वानरीण हे रोज बघून बघून वैतागली होती. ती म्हणाली, "अगं बाई, घरट्यात फणस आणून कुणी ठेवला? पोराने?"

"मीच ठेवला. सारखं कोण उठून जाणार?"

"मग पोराला कशाला बोल लावतेस? उशाशी फणस तूच ठेवायचा आणि खाल्ला म्हणून तूच ओरडायचं! आजच्या आज तो बाहेर काढ. जिथे फांद्या जुळल्यात, त्या बाजूने चार झाडं पलीकडच्या फणसावर जायचं आणि दोघांनी तिथेच बसून पोटभर जेवायचं. त्याच्या पोटाविषयी चकार शब्द काढायचा नाही. उडी कालच्यापेक्षा वीतभर लांब पडली, तर तेवढं तोंड भरून कौतुक कर. आणि उड्या तूही मारायच्या."

"मीसुद्धा?"

"का? तू कोण महाराणी लागून गेलीस?"

आईला हे मुळीच पटले नव्हते. वानरिणीची कटकट थांबावी म्हणून ती निघाली. पहिल्या दिवशी दुसऱ्याच झाडावर तिला धाप लागली आणि पिल्लू खुदकन हसले, तशी ती आणखीच चिडली. पाचव्या दिवशी कंटाळून तिने हळूच थोडे गरे घरट्यात आणून ठेवले. त्या दिवशी पिल्लू जागचे हलले नाही. आई पहिल्यांदाच त्याच्यावर न चिडता स्वतःवर चिडली आणि गरे उचलून बाहेर घेऊन गेली. असे कित्येक आठवडे गेले. पिल्लू अंगाने थोराडच राहिले, पण त्याच्या पायांत जोर आला. आता सकाळी तेच आईला उठवू लागले.

एके दिवशी दोघे आंब्याच्या टोकाच्या फांदीवर असताना गरुड झेपावला. "आई, चल!" असे ओरडून पिल्लाने उडी मारली आणि हिरडा गाठला. त्याच्या पाठोपाठ आईही कशीबशी पानांत येऊन आदळली. गरुड रिकाम्या पंजांनी वर गेला. आई धापा टाकत खेकसली, "अरे, मागे वळून बघायचं तरी! मी राहिले असते म्हणजे?"

पिल्लू म्हणाले, "कशी राहशील? रोज तर येतेस माझ्याबरोबर."



तात्पर्य : टोमण्यांनी आणि लालचीने मुलांच्या सवयी बदलत नाहीत. मोठ्यांनी आधी घरातली आणि स्वतःची सवय मोडावी, मग मुलांबरोबर रोज चार पावले चालावे.