राणीच्या पाटासमोर

एका राज्यात, जिथे झाडं-पाखरं बोलत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, सुकेतू नावाचा राजा होता. त्याची राणी रत्नप्रभा वारली, तेव्हा दहाव्याचा पिंड त्याने कावळ्यासाठी ठेवूच दिला नाही. "माझी राणी कुठेही जाणार नाही," म्हणाला. रोज जेवणाला तिचा पाट मांडायचा, रांगोळी काढायची, ताट वाढायचं, असा हुकूम सोडला. तो रिकामा पाट स्वतःला मात्र बघवेना. म्हणून राजा तोंड फिरवून बसू लागला.

पुढे राजकन्या कनकलतेच्या तोंडात घासाची वाळू होऊ लागली. पोर झिजत चालली. राजा तोच भात खाई, तर त्याला गोड लागे.

"हा शत्रूचा शाप!" राजा गरजला. राजाच तो, घोड्यावर बसल्याशिवाय त्याला उपाय कसा सुचणार? राक्षसाला मारून त्याच्या शेतातला तांदूळ आणला. वाळू झाली. पाताळातल्या विहिरीचं पाणी आणलं. वाळूच झाली. नागराजाच्या फण्यावरचं मीठ आणलं, त्यात दोन बोटं गेली. मुलीने घास घेतला आणि बापाला कळू नये म्हणून वाळू गुपचूप पदरात थुंकली. ते राजाला दिसलं. तो मटकन खाली बसला.

खिडकीतला म्हातारा कावळा म्हणाला, "राजा, पार पाताळापर्यंत फिरून आलास. आता चार पावलं चाल. लेकीच्या पाटावर बस."

राजा बसला. समोर रांगोळी, वाफाळतं ताट आणि कुणीच नाही. त्याने घास घेतला. तोंडात वाळू झाली.

"रोज हेच बघत जेवायचीस, बाळ?"

"आपली आज्ञा होती, बाबा." मग हळूच तिने विचारलं, "आई गेली ना?"

राजाने रिकाम्या पाटाकडे पाहिलं. "गेली, बाळ," तो पहिल्यांदाच म्हणाला.

राणीचं ताट त्याने आपल्या हातांनी अंगणात ठेवलं. कावळा शिवेना. राजाने हात जोडले. "राणी, तू जा. तुझ्या लेकीकडे आता मी तोंड करून बसेन."

कावळा शिवला आणि उडून गेला.

राजाने आपला पाट लेकीसमोर मांडला, तिला घास भरवला. रडत रडत तिने तो गिळला. भात आसवांनी खारट झाला होता, पण भातच होता. शाप सुटला. राणी मात्र गेली ती गेलीच.