गबाजीची शर्यत

जंगलात घरोघरी कॉम्प्युटर होते, त्या काळची ही गोष्ट. गबाजी अस्वलाला गाड्यांच्या शर्यतीचा गेम काहीही करून जिंकायचा होता. म्हणून पहिल्यांदा खेळायला बसण्याआधीच त्याने गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन आपल्या कॉम्प्युटरचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. तेव्हापासून शर्यत निम्म्यावर आली की कॉम्प्युटर फटकन बंद पडे.

शेजारी मदतीला धावले. भेकराने आतली धूळ चाटून काढली. मोराने पिसारा फुलवून वारा घातला. रानडुक्कर म्हणालं, "माझ्यासोबत चिखलात लोळू दे त्याला, गार होईल." तेव्हा मात्र गबाजी दारात आडवा झाला. कॉम्प्युटर बंद पडतच राहिला.

शेवटी साळूताईला बोलावलं. ती साळिंदर, पाठीवरच्या काट्यानेच स्क्रू काढायची. तिने कॉम्प्युटर उघडला आणि आत डोकावून त्यालाच विचारलं, "काय रे, काय होतंय तुला?"

"दम लागतो, ताई," कॉम्प्युटर म्हणाला. "याने माझा वेग वाढवून ठेवलाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

साळूताईने वेग पूर्वीएवढा केला. गबाजी रडकुंडीला आला. "ताई, आता मी हरणार!"

"हरलास तर हरलास," ती म्हणाली.

गबाजी खेळायला बसला. एकेक करत सगळ्या गाड्या त्याच्या पुढे निघून गेल्या. पण शर्यतीची शेवटची रेषा त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. बारा गाड्यांत त्याचा बारावा नंबर आला, आणि त्या आनंदात त्याने अख्ख्या जंगलाला मध वाटला.