कच्ची मडकी

गवताने शाकारलेल्या घरांच्या एका गावात एक गवळण राहायची. एकदा तिच्या गोठ्याला आग लागली. गुरं सोडायला आत गेलेला तिचा नवरा बाहेर आलाच नाही. गाव धावून आलं होतं, पण नुसताच गोंधळ. कोणी विहिरीकडे पळतंय, कोणी दोर शोधतंय, आणि पाणी मात्र कोणाच्याच हातात नाही.

नवऱ्याचं दिवसपाणी उरकल्यावर गवळण दारोदार हिंडली. दर अमावास्येला ढोल वाजवायचा, सगळ्यांनी विहिरीपासून रांग धरायची आणि भरलेली मडकी हातोहात पुढे द्यायची, असं तिने गावाला पटवलं. गाव भल्या मनाचं होतं. पहिली काही वर्षं सगळे चिंब भिजून, धापा टाकत घरी जात. सराव असा चोख झाला की ढोलावर टिपरू पडताच रांग उभी राही.

पुढे आग काही लागली नाही, आणि इथेच घात झाला. लुगडी भिजतात म्हणून बायकांनी मडकी अर्धी भरायला सुरुवात केली. खांदे भरून येतात म्हणून पुरुषांनी ती रिकामीच फिरवली. रिकामं मडकं बरं दिसेना, म्हणून त्यावर नक्षी आली. भाजलेल्या मडक्यावर रंग बसत नाही, अशी तक्रार झाली, तेव्हा कुंभार न भाजताच मडकी देऊ लागला. वजनाला हलकी, दिसायला देखणी. रांगेत पहिलं मडकं उचलण्याचा मान पाटलांचा ठरला, आणि दुसरा कोणाचा यावरून दोन भावक्यांचं बोलणं बंद झालं.

गवळण आता म्हातारी झाली होती. तिच्याजवळ एक गाय आणि तिचं वासरू, एवढंच उरलं होतं. दारात ती रोज एक मडकं भरून ठेवायची, पक्कं भाजलेलं. एका अमावास्येला तिने पाटलांना गाठलं.

"पाटील, एकदा तरी पाणी भरून रांग चालवा. हात विसरलेत सगळ्यांचे."

"आजी, एवढी वर्षं एक अमावास्या चुकली नाही आपली," पाटील म्हणाले, "अजून काय पाहिजे?" आणि त्यांनी तिला हार घालून मानाच्या पाटावर बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीला रडू आलं. ते आनंदाचं आहे, असं गावाला वाटलं.

चैत्रात, भर दुपारी, सुटलेल्या वाऱ्यात तिच्याच छपराने पेट घेतला. ढोल वाजला. गाव धावलं, त्यात काही खोट नव्हती. प्रत्येकाने घरातलं रंगवलेलं मडकं उचललं आणि आपापली जागा धरली. पाटलांचा फेटा बांधून होईपर्यंत पहिलं मडकं हलेना. मग रांग सुरू झाली, अगदी तालात, आणि एकेक रिकामं मडकं जळत्या घरापर्यंत येऊन पोहोचलं.

"पाणी आणा रे, पाणी!" म्हातारी ओरडली.

तेव्हा कुठे गाव भानावर आलं. मडकी विहिरीवर नेऊन भरली. कच्ची माती ती, पाणी लागताच विरघळली. लोकांच्या हातांत चिखल राहिला, लाल-पिवळ्या रंगाचा.

म्हातारीने दारातलं आपलं मडकं अंगावर ओतून घेतलं आणि आत शिरून वासरू ओढत बाहेर आणलं. गाईचं दावं सोडायला ती परत वळली, तेव्हा छप्पर खाली आलं होतं. गाय थोडा वेळ हंबरली. मग आवाज बंद झाला. म्हातारी तिथेच वासराच्या गळ्यात हात टाकून बसून राहिली.

गावाला फार वाईट वाटलं. पंचांनी सभा घेतली आणि पुढच्या अमावास्येपासून प्रत्येक मडक्यावर गाईचं चित्र काढायचं ठरवलं.

त्या अमावास्येला म्हातारी वासराला दोरी बांधून गाव सोडून निघाली. वेशीपाशी तिला ढोल ऐकू आला. ती थांबली नाही. चित्रं फार सुरेख उतरली होती, आणि इतकी देखणी रांग यापूर्वी कधी झाली नव्हती, असं सगळ्यांचंच मत पडलं.

तात्पर्य: हातांना रोज जे करायला लावाल, तेच ते संकटातही करतील. सरावातून पाणी गेलं की उरतो तो नुसता सोहळा, आणि सोहळ्याने आग विझत नाही.