चुन्याचा गोल

त्या राज्यात पाणी सगळ्यांचं होतं. काठ मात्र सगळ्यांना सारखा नव्हता. नदीचा उतार इतका उभा होता की पाण्यापर्यंत तोंड न्यायचं तर पुढचे दोन्ही गुडघे टेकावे लागत. सवयीमुळे कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. साऱ्या काठावर एकच सपाट शिळा अशी होती, जी थेट पाण्याला भिडली होती. तिच्यावर उभ्या उभ्या मान खाली घातली की पाणी ओठाला लागे.

काठावर राहणाऱ्या सावरी नावाच्या सांबरिणीचा पुढचा उजवा गुडघा एका दरडीखाली सापडला आणि पुन्हा वाकला नाही. पहिले काही दिवस तिनं इतरांसारखं प्यायचा प्रयत्न केला. दोनदा ती पाण्यात घसरली. दुसऱ्या वेळी शेजारच्या भिवा साळिंदरानं आरडाओरडा केला, पारू चितळीण धावली आणि तिला कसंबसं बाहेर काढलं गेलं. टेकडीवरच्या पंचायतीला हे कळलं तेव्हा साऱ्यांना वाईट वाटलं. शिळेवर चुन्याचा पांढरा गोल काढण्यात आला. हा गोल सावरीचा, असं ठरलं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिवानं तर स्वतः शिळा झाडून दिली होती.

उन्हाळा वाढला, तशी काठावर गर्दी वाढली. सावरी दिवसातून दोनदाच येई. उरलेला वेळ गोल रिकामा असे. रिकामी जागा डोळ्यांत खुपते. एके सकाळी ती आली तेव्हा भिवा गोलात उभा होता.

"दोनच घोट, सावरीताई," तो म्हणाला. "तुम्ही नव्हता, म्हणून टेकलो जरा."

"घ्या की भाऊ," सावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोलात पारू होती, दोन्ही पाडसांना घेऊन. "लहान आहेत हो ताई, उतारावर घाबरतात. आत्ता निघतो." पाडसं खरोखरच लहान होती. सावरी बाजूला उभी राहिली. त्यानंतर कुणी ना कुणी असायचंच. भिवा कधी स्वतः नसला, तर आपले चार काटे गोलात ठेवून जाई, म्हणजे तो येतोच आहे हे सगळ्यांना कळावं. सावरीला काटे ओलांडता येत नसत. ती वाट पाहत उभी राही. कधी कधी न पिताच परते.

एकदा तिनं सांगून पाहिलं. "भिवाभाऊ, मला दुसरीकडे पिता येत नाही. तुम्हाला येतं."

भिवाला ते लागलं. "तुम्हाला बाहेर कुणी काढलं होतं, ताई? आणि आता चार काट्यांवरून बोलता? परवा तर तुम्ही चांगल्या चालत होता. सगळ्यांनी पाहिलंय."

ही गोष्ट खरी होती. काही दिवस गुडघा कमी दुखे, तेव्हा ती बरी चाले. तिला त्या दिवसांचीच भीती वाटू लागली. आळीतून जाताना ती मुद्दाम सावकाश जाऊ लागली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा नीट चालू लागली.

गोलावरच्या भांडणाची तक्रार वर टेकडीवर गेली. पंचायतीचा कारकून बगळा तपासणीला आला. एका पायावर उभा राहून त्यानं विचारलं, "कोणता पाय?"

"उजवा."

"चालून दाखवा."

ती वीस पावलं चालली. दुर्दैवानं तो बरा दिवस होता.

"चालता येतं," बगळ्यानं नोंदवलं.

"चालता येतं हो. वाकता येत नाही."

"वाकण्याचा रकाना नाही." त्यानं पारूकडे पाहिलं. "तुम्ही शेजारी. काय म्हणणं आहे?"

पारूनं पाडसांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "परवा ताई चालत होत्या खऱ्या," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

गोलाची गरज दिसत नाही, हा निकाल मान्य नसेल तर स्वतः टेकडीवर येऊन म्हणणं मांडावं, असं सांगून बगळा उडून गेला. सावरी उजाडताच निघाली. वाटेत ती तीनदा पडली. शेवटच्या चढावर ती एका झाडाला टेकून इतका वेळ उभी राहिली, की परत जावं असं तिच्या मनात आलं; पण परतायला उतार होता आणि उतार त्याहून वाईट. पंचायतीपुढे पोचली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

मुख्य गवा दयाळू होता. त्यानं तिला आधी दम घेऊ दिला.

"इथवर कशा आलात?"

"चालत. सकाळी निघाले. तीनदा पडले."

"पण आलात," गवा म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. पंचांनी माना हलवल्या. सावरीनं काही बोलायला तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, की आपण जितकं जास्त सांगू तितकं ते आपल्याच विरुद्ध जाणार. ती म्हणाली, "बरं," आणि वळली.

गोल रद्द मात्र झाला नाही. राज्यात असा एक गोल असावा, हा नियम होता आणि नियम सर्वांना प्रिय होता. म्हणून कुणाला अडचण होणार नाही अशा जागी तो हलवला गेला. खालच्या शिळेवरचा चुना घासून काढला. भांडण मिटलं. भिवा पुन्हा हसून बोलू लागला. पारूनं एकदा ओलं गवत आणून सावरीच्या दाराशी ठेवलं आणि निघून गेली. सावरी आता भर दुपारी, सगळे सावलीत झोपलेले असताना, शिळेवर जाई. काही दिवस शिळा मोकळी मिळे.

पावसाळ्यानंतर शेजारच्या राज्याचे पाहुणे टेकडीवर आले. गव्यानं त्यांना पंचायतीचं अंगण दाखवलं. मधोमध, सपाट फरशीवर तो पांढरा गोल होता; ज्यांना वाकता येत नाही त्यांची ही पाणी प्यायची जागा, असं त्यानं सांगितलं. त्यात एक पानही पडलेलं नव्हतं.

"इथे कुणी घुसत नाही?" पाहुण्यांनी आदरानं विचारलं.

"एकदाही नाही," गवा म्हणाला.

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या नीलगाईला प्रवासानं तहान लागली होती. ती गोलात जाऊन उभी राहिली, मान खाली घातली, आणि तिचे ओठ कोरड्या दगडाला लागले.