शेवग्यावरची वावटळ

त्या राज्यात घरटं विणून दाखवल्याशिवाय कुणाही सुगरणीला थव्यात जागा मिळत नसे. वर्षातून एकदा नदीकाठच्या बाभळीवर सगळ्या विणायला बसत आणि ढोकांचं मंडळ चोचीने माप घेई. माप चुकलं, तर पुढच्या विणणीपर्यंत एकटं राहायचं.

रुंजीचं माप चुकलं. घरट्याची नळी वीतभर हवी, तिची निम्मीच झाली. एरवी तिच्यासारखी सफाई कुणाच्या चोचीत नव्हती. पण विणणीच्या तीन दिवस आधी तिच्या शेवग्यावर वावटळ आली आणि तिच्या आईला घेऊन गेली. शेजारच्या झाडांना झुळूकही लागली नाही. वावटळीचं असंच असतं, ती एखादंच घर बघून येते.

रुंजीने हे कुणाला सांगितलं नाही. विणणीआधी दुःखाचं नाव काढलं, तर सगळ्यांचेच धागे तुटतात, असं सुगरणी मानत. तिने तोंड मिटून विणलं. निकाल लागल्यावर मात्र ती फेरविचारासाठी मंडळापुढे गेली.

ढोक काही दुष्ट नव्हते. एका पायावर उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी का कळवलं नाहीस, असं थोरल्या ढोकाने विचारलं. तिने सुगरणींची समजूत सांगितली. मंडळाच्या नियमात अशी समजूत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं आणि वावटळ आणखी कुणी पाहिली का, ते विचारलं.

“आईनं पाहिली,” रुंजी म्हणाली.

“मग तिला साक्षीला आण.”

आईलाच वावटळीने नेलं, हे रुंजीने पुन्हा सांगितलं. शेवटी मंडळाने होला पक्ष्याला पाहणीसाठी पाठवायचं ठरवलं.

होल्याकडे पाहणीची पुष्कळ झाडं होती. त्याला यायला अठरा दिवस लागले. तोवर बाकीच्या सुगरणी बाभळीवर राहायला गेल्या. संध्याकाळी त्यांची किलबिल नदीवरून ऐकू येई, तेव्हा रुंजीला आईची फार आठवण येई. त्याहून जास्त, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेसे वाटत.

होला आला तो चांगलाच वागला. त्याने तिची विचारपूस केली, दुपारपर्यंत शेंड्यावर बसून राहिला आणि परत जाऊन मंडळाला खरं तेच सांगितलं: वाऱ्याची कसलीही खूण दिसली नाही, इतक्या वेळात झाडावरचं एक पानही हललं नाही. अर्ज फेटाळला गेला.

ते कळलं तेव्हा रुंजी शेवग्यावरच बसली होती. दुपारचं ऊन थेट तिच्या अंगावर पडत होतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत त्या झाडाला एकही पान उरलं नव्हतं.