उत्रेश्वराची डबी

एका गावात एक भोळा उत्रेश्वर होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईच्या तोंडाकडे बघून. संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता म्हणे. सहा महिन्यांत आमची म्हैससुद्धा आपलं दावं ओळखायला लागते. असो.

गावात केशरताईंचा पत्रिकांचा छापखाना. आता कागद कोण घेतो? सगळं मोबाइलवर. म्हणून ताईंनी वेबसाइट काढली आणि उत्रेश्वराला बसवला. वैशाखात ताईंच्या दोन्ही पोरींची, रेवती आणि रोहिणीची, लग्नं होती. एकाच मांडवात, दोघा सख्ख्या भावांशी. व्याही महा तिरसट. "वाकडं काही दिसलं तर वऱ्हाड माघारी नेईन," असं साखरपुड्यातच सांगून गेलेला. ताईंचा जीव तेव्हापासून टांगणीला.

ताई म्हणाल्या, "उत्रेश्वरा, एकदा लिहिलेलं काम पुन्हा लिहायचं नाही. त्याचा कॉम्पोनंट करायचा. डबी समज. लागेल त्या पानावर तीच डबी बसवायची."

"बसवतो, ताई."

लग्नपत्रिकेत खाली लहान पोरांची ओळ असते ना, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' तिची केली डबी. शेजारी फुगे. बसवली सगळीकडे. चार दिवसांनी जगदाळ्यांचे आप्पा गेले. त्यांचं पान निघालं. वर आप्पांचा हार घातलेला फोटो. खाली फुगे, आणि 'आमच्या आप्पांच्या दहाव्याला नक्की यायचं हं!' नाव आणि कार्यक्रम तेवढा बदलला होता. हुशारच तो.

जगदाळे काठी घेऊन आले. ताईंनी पाय धरले म्हणून निभावलं.

"अरे गाढवा, लग्न काय आणि दहावा काय! ज्याचं त्याचं वेगळं ठेवावं!"

"पुढच्या वेळी ठेवतो, ताई."

ठेवलं. मंगल कार्यालयाचा फोन नंबर दाखवायची एक डबी होती. बिचारी बरी चालली होती. ती फोडली आणि चाळीस पानांवर चाळीसदा नंबर लिहिला. बोटं दुखली, पण ज्याचं त्याचं वेगळं झालं. मग कार्यालयाने नंबर बदलला. ह्याने एका पानावर बदलला आणि चहाला गेला. जुना नंबर पडला गुरांच्या डॉक्टराच्या गळ्यात.

एका नवरीच्या मामाने फोन लावला. "पोरीला कधी घेऊन येऊ?"

डॉक्टर म्हणाले, "आणू नका, मीच येतो. चारा खाते का?"

मामा तडक छापखान्यात. त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, सारखं असेल ते एकच ठेवायचं! वेगळं असेल तेवढंच बाहेरून डबीत द्यायचं. एवढंही कळत नाही?"

"एवढंच ना? मग आधी सांगायचं."

आता आली ताईंच्या घरची लग्नं. लग्नाच्या सकाळी पाहुण्यांना आठवण म्हणून पाठवायचं पान उत्रेश्वराने केलं. ताई रुखवतात गुंतलेल्या. तपासणार कोण?

ह्याने नीट मांडी घालून विचार केला. मांडव एक, मुहूर्त एक. सारखं. एकच ठेवलं. पोरींची नावं वेगळी. ती बाहेरून दिली. मग नवरदेव पाहिले. दिगंबर मुळे, श्रीधर मुळे. बाप तोच, आई तीच, घर तेच, आडनाव तेच. इतकं सारखं! दिगंबर ठेवला. श्रीधर काढला.

सातशे मोबाइल वाजले. 'रेवती व रोहिणी यांचा शुभविवाह दिगंबर मुळे यांच्याशी.'

दिगंबर पुढच्या गाडीत होता, तो मांडवात पोचला. श्रीधर मागच्या गाडीत, बापाशेजारी. त्याने वाचलं. बापाने वाचलं. गाडी वेशीवरूनच माघारी वळली.

भटजींनी हाक दिली, "मुलांना आणा!" मुलगा आला. एकच. समोर दोन मुली, हातात हार घेऊन. रोहिणीने रडायला सुरुवात केली. रेवतीने बहिणीकडे असं पाहिलं, की दिगंबर दोन पावलं मागे सरला.

"अरे उत्रेश्वरा!" केशरताई किंचाळल्या. "मुहूर्ताला पाच मिनिटं राहिली! दुसरा नवरदेव कुठून आणू आता?"

"आणायचा कशाला, ताई?" उत्रेश्वर म्हणाला. त्याने दिगंबराचा पाट उचलला, दोन्ही मुलींच्या बरोब्बर मधोमध मांडला आणि हात झटकले. "आहे तोच दोन्हीकडे बसतोय की!"