साखरेच्या बरणीवरचा हात

“त्या फोल्डरला पहारा लावायचा नाही.”

“का?”

“का, ते विचारायचं नाही. पहिल्यापासून तसंच आहे.”

मिरजेच्या कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी खाडिलकर साहेबांनी मला दिलेला हा पहिला धडा. दुसरा त्यांनी कधी दिला नाही.

आम्ही सलाईनचे पंप बनवतो. औषध ठरल्या वेगाने शिरेत सोडणारे. पंपाच्या पोटात छोटा संगणक असतो, त्यात दोन प्रोसेसर, आणि त्या दोघांना सांभाळणारा कर्नेल. एक प्रोसेसर आकडा लिहीत असतानाच दुसऱ्याने तो वाचायला घेतला, तर त्याच्या हाती अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा लागतो. ही चूक कोड वाचून सहसा सापडत नाही. म्हणून आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाच सांगून ठेवायचं, की मेमरीला जिथे जिथे हात लागतो तिथे तिथे आधी एक पहारेकरी बसव.

आमच्याकडे सगळीकडे पहारेकरी होते. त्या एका फोल्डरमध्ये नव्हते.

पंपाचा वेग ठरवणारा कोड नेमका त्याच फोल्डरमध्ये होता.

चाचणीत एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका पंपाचा वेग भलताच वाढला आणि पुन्हा जागेवर आला. तो कोड आमच्याकडच्या जुन्या पाटोळेकाकांनी लिहिलेला. मी त्यांना सांगितलं.

“लाईट खालीवर झाली असेल गं.”

“पंप यूपीएसवर होता, काका.”

“मग तुझं लक्ष नसेल.”

हे पंप सोमवारी लहान मुलांच्या वॉर्डात जाणार होते.

मी तणतणत तांबोळी सरांकडे गेले. सर आमच्यातले सगळ्यांत जुने. कर्नेलमध्ये पहारेकरी त्यांनीच आणून बसवला होता. ते पॅन्ट्रीत उभ्याने चहा घेत होते.

“सर, तुमचा हा पहारेकरी नक्की करतो काय?”

“चहा घे.”

“मला उत्तर हवंय.”

“साखर घे.”

मी बरणीचं झाकण काढलं आणि चमचा आत घालणार...

“थांब. हात तसाच ठेव.”

मी हात तसाच ठेवला. बरणीच्या तोंडावर, चमच्यासकट.

“किती वेळ?”

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

माझ्या चहावर साय धरली. मला थांबणं जमत नाही, हे घरी आईपासून ऑफिसात शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी हात काढणारच होते, तेवढ्यात पाटोळेकाका फोनवर बोलत आत आले, बरणीकडे न बघताच चमचा पुढे केला आणि तो माझ्या बोटांवर आपटला.

“आगं, हात काढ की!”

“रोज तुम्ही दोघं याच बरणीतून साखर घेता,” सर म्हणाले. “याआधी कधी धडकलात?”

“नाही.”

“आज?”

“आज मी थांबले म्हणून...”

सरांनी चहाचा घोट घेतला.

पहारेकरी एवढंच करतो. आकड्याला हात लावायच्या आधी मधूनच एकदा थांबतो, आणि दुसरा कुणी येतोय का ते बघतो. मला तोवर सगळ्यांनी फक्त ‘नको’ म्हटलं होतं. ‘थांब’ म्हणणारे सर पहिले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे आणि राहीन.

मी जागेवर आले आणि अख्ख्या फोल्डरला पहारा लावला.

पंप सुरूच होईना. पडदा काळा तो काळाच.

“सांगत होतो,” पाटोळेकाका हसले. “जुनी माणसं उगाच ‘नको’ म्हणत नसतात.”

मी परत पॅन्ट्रीत.

“सर, मशीन उठतच नाही.”

“मघाशी तुझा हात बरणीवर होता. तुझ्या हातावर कुणाचा हात होता?”

“कुणाचाच नाही.”

“असायला हवा होता, असं म्हटलं तर?”

“मग त्या हातावर अजून एक लागेल. त्याच्यावर अजून एक. साखर घेणार कोण...”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पहारेकऱ्याचा स्वतःचा कोड त्याच फोल्डरमध्ये होता. मी पहारेकऱ्यावर पहारेकरी बसवला होता, आणि त्याच्यावरही त्यालाच.

“मी त्या फोल्डरला पहाऱ्यातून सूट दिली,” सर म्हणाले, “तेव्हा त्या खोलीत पहारेकरी एकटाच राहायचा.”

“मग बाकीचे कधी आले?”

“ज्याच्या ज्याच्या कोडवर तो ओरडला, तो तो आपला कोड घेऊन तिथे राहायला गेला.”

मला हसू आलं. मग ते गेलं.

“आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?”

सरांनी कप विसळला. पालथा घातला.

“तू विचारलंस,” ते म्हणाले. “आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

मी सूट फक्त पहारेकऱ्याच्या एका फाईलपुरती ठेवली, बाकीच्या फोल्डरला पहारा लावला. पंप उठला. दुपारच्या डब्याआधी पडद्यावर पहारेकऱ्याची तक्रार आली. दोन प्रोसेसर, एक आकडा, मध्ये कुलूप नाही, म्हणजे एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला अडवणारं काही नाही. तो आकडा औषधाच्या वेगाचा होता.

खाडिलकर साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं.

“छान काम केलंस,” ते म्हणाले. “आता त्या ओळीवर खूण करून टाक.”

अशी एक खूण असते. ती केली, की इथली धडक आम्हाला माहीत आहे, चालेल, असा निरोप पहारेकऱ्याला मिळतो आणि तो त्या ओळीपाशी गप्प बसतो.

“खूण केली तर तो गप्प बसेल, साहेब. चूक तिथेच राहील.”

“लाखात एखाद्या वेळी होणारी गोष्ट ती.”

“ती एक वेळ कुठल्या पोराच्या पंपात, तेवढं सांगा. मग करते खूण.”

“कुलूप घालायचं म्हणजे सगळ्या चाचण्या परत,” पाटोळेकाका म्हणाले. “सोमवार हातचा जाईल.”

“जाऊ दे.”

“पोरी, आमचे केस काय उन्हानं पांढरे झाले?”

“नाही काका. पण पंप तुमच्या केसांवर चालत नाही.”

तांबोळी सर कोपऱ्यात बसले होते. ते खाली बघत होते. हसत होते की काय, कळलं नाही.

बदल माझ्या नावावर होता, त्यामुळे खूणही मीच करायची होती. खाडिलकर साहेबांनी लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला.

“एकच ओळ आहे. मोठ्यांचं कधीतरी ऐकावं.”

मी पंजा पसरून कीबोर्डवर धरला. सगळ्या बटणांच्या किंचित वर, एकही न दाबता.

“नाही करणार.”

पाटोळेकाका फोन बघायला लागले. फोन बंद होता. खाडिलकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरून ठेवला. हिला कुणीतरी सांगा, अशा नजरेने दोघांनीही सरांकडे पाहिलं.



मीही पाहिलं.

“हात तसाच ठेव,” सर म्हणाले.